पॅलाडिन आहेस ना, मग हील कर!

नाशिकहून एका अठ्ठावीस वर्षांच्या मैत्रिणीचं पत्र आलं आहे. दीड वर्षापासून ती ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम खेळते. तिचं पात्र पॅलाडिन, म्हणजे चिलखत घालून पवित्र प्रकाशाच्या बळावर लढणारी योद्धा. पॅलाडिनला तीन वाटा असतात, खेळणारे त्यांना स्पेक म्हणतात. दोन हातांनी धरायच्या शस्त्राने मारणारा रेट्रिब्युशन (थोडक्यात रेट), ढाल पुढे करून मार अंगावर घेणारा प्रोटेक्शन आणि साथीदारांच्या जखमा भरून काढणारा होली. ही पहिल्या दिवसापासून रेट्रिब्युशन खेळते आणि त्यात रमली आहे. तिची गिल्ड, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांचा गट, युरोपच्या सर्व्हरवर आहे. पंधरा जण, त्यांत तिच्या कॉलेजचे तीन मित्र. त्यांतला एक जर्मनीत असतो आणि तोच गिल्ड चालवतो. बुधवारी आणि रविवारी हिरोइक रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्या शत्रूंशी लढायची अवघड मोहीम, असते. गेल्या महिन्यात तीन हीलरपैकी एकाच्या घरी बाळ आलं आणि त्याने खेळणं थांबवलं. तेव्हापासून सगळे हिच्या मागे लागले आहेत, “तू पॅलाडिन आहेस ना, मग हील कर. शिवाय तुझा स्वभाव काळजी घेणारा आहे, तुला छान जमेल.” भरीला तिने पाहिलेल्या टियर लिस्टमध्ये, म्हणजे स्पेकना ताकदीप्रमाणे पायऱ्यांवर बसवणाऱ्या यादीत, होली वर आहे आणि रेट्रिब्युशन मधल्या पायरीवर. ती विचारते, “ताई, एकदाच काय तो स्पेक ठरवून टाकायचा आहे. रेट सोडवत नाही. पण नाही म्हटलं तर मी स्वार्थी ठरते का?”

प्रिय मैत्रिणी,

‘एकदाच काय तो’ हे शब्द तुझ्या पत्रात तीनदा आले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते. हा निर्णय एकदाच घ्यायचा नसतो. आज होली झालीस म्हणून रेट्रिब्युशनचं दार बंद होत नाही. लढाई चालू नसेल तेव्हा तू स्पेक बदलू शकतेस आणि त्याला पैसे पडत नाहीत. हे तुला ठाऊक आहेच, रोज खेळतेस. तरीही मनावर दडपण आहे, कारण तुझे मित्र जे बोलतात ते फार जुन्या काळातलं बोलणं आहे, आणि जुनं बोलणं खरं वाटतं.

नोव्हेंबर २००४ मध्ये हा गेम आला तेव्हा पातळी साठपर्यंत पोचलेल्या पात्राला कौशल्यांचे एकावन्न गुण मिळायचे, आणि ते तीन स्पेकच्या तीन झाडांत, म्हणजे कौशल्यांच्या तक्त्यांत, वाटायचे. वाटणी चुकली तर पुसून नव्याने करता यायची, पण पहिल्या वेळी एक सोन्याचं नाणं, मग पाच, मग दहा, असं करत किंमत पन्नासपर्यंत चढायची. त्या काळात पन्नास नाणी जमवायला कित्येक संध्याकाळी जायच्या. मोल्टन कोअरच्या रेडला चाळीस माणसं लागायची आणि तिथे पडणारं पॅलाडिनचं चिलखतही हीलिंगकडे झुकलेलं असायचं. साहजिकच बहुतेक पॅलाडिन मागे उभे राहून हील करायचे आणि दर पाच मिनिटांनी संपणारे आशीर्वाद एकेकाला पुन्हा देत बसायचे. ‘पॅलाडिन म्हणजे हीलर’ ही म्हण तिथली आहे. पुढे एप्रिल २००९ मध्ये एक हजार नाणी मोजून दोन स्पेक बाळगायची सोय झाली. २०१६ पासून तर सगळे स्पेक मोकळे आहेत. म्हणजे जिच्या जोरावर तुला हो म्हणायला लावलं जातंय, ती अडचण कधीचीच मिटली आहे.

आता दुसरं वाक्य. ‘तुझा स्वभाव काळजी घेणारा आहे.’ हे तुला कौतुक म्हणून सांगितलं गेलं आणि तू ते कौतुक म्हणूनच घेतलंस. मला त्याचा राग आला, आणि तो लपवावासा वाटत नाही. तुझ्या गिल्डमध्ये आणखी कोण कोण हील करू शकतं, हे कुणी मोजलं का? प्रीस्ट, ड्रुइड, शामन, मंक, इव्होकर, या सगळ्यांना हीलिंगचा स्पेक आहे. पंधरा जणांत यांपैकी एकही नसेल असं मला वाटत नाही. तरी बोट तुझ्याकडेच वळलं. तुझे मित्र वाईट आहेत असं मी म्हणत नाही. घरी पंगत बसली की वाढायला कोण उठणार हे जसं न विचारता ठरलेलं असतं, तसंच हे झालं आहे. त्यांना ते जाणवलंही नसेल. पण तुला जाणवायला हवं. हीलिंग तू जरूर कर, मात्र तुला ते करावंसं वाटतं म्हणून. स्वभावाचा दाखला देऊन कुणी गळ्यात मारलं म्हणून नको.

पंगतीचा विषय निघालाच आहे तर तिथेच जरा थांबते, कारण स्पेक निवडण्याबद्दल मला जे खरं सांगायचं आहे ते तिथेच आहे.

लोक स्पेक निवडतात ते ताकद बघून, आकडे बघून, गिल्डला काय कमी पडतंय ते बघून. मी म्हणते, आधी हे बघ की दोन तास तुझी नजर कुठे असणार आहे. रेट्रिब्युशन खेळताना नजर शत्रूवर आणि स्वतःच्या होली पॉवरच्या, म्हणजे लढताना साठत जाणाऱ्या शक्तीच्या, पाच ठिपक्यांवर असते. तीन ठिपके भरले की खर्च करायचे, पुन्हा भरायचे, योग्य वेळी ताकद वाढवणारे पंख उघडायचे आणि त्या वीसेक सेकंदांत जे आहे ते सगळं ओतायचं. यात एक ठेका आहे. पत्रात तू ‘हात आपोआप चालतात’ असं लिहिलंस, तो हाच ठेका. प्रोटेक्शनची नजर रस्त्यावर असते. पुढचा घोळका किती मोठा, बॉसचं, म्हणजे मुख्य शत्रूचं, तोंड कुणीकडे, आपल्यामागून येणारे कुठे उभे आहेत. आणि हीलरची नजर वाढणाऱ्या माणसासारखी पानांवर असते. पडद्यावर पंधरा जणांच्या पंधरा चौकटी, त्यांत उरलेला जीव दाखवणाऱ्या पंधरा पट्ट्या. कुणाची वाटी रिकामी होत आली, कुणाला मागायची सवय नाही, कुणाच्या पानात आधीच आहे आणि तरी आपण वाढतोय. हील वाया जाणं म्हणजे भरल्या पानात वाढणं. चांगला हीलर पट्टी खाली यायच्या आधीच ओळखतो, कारण बॉस आता काय करणार हे त्याला पाठ असतं. जातीचा वाढपीही मागणी यायच्या आधी भाताची परात घेऊन उभा असतो.

मी स्वतः २००९ ते २०११ प्रीस्ट होते आणि हीलच करायचे. आमच्या भागात तेव्हा भारनियमन होतं, राउटर इन्व्हर्टरवर चालायचा आणि बॉसच्या मधोमध इन्व्हर्टरची शिट्टी वाजायला लागली की माझ्या पोटात गोळा यायचा. आइसक्राउनच्या किल्ल्यात सिंड्रागोसा नावाची बर्फाची ड्रॅगन आहे. तिच्याशी आम्ही कितीतरी आठवडे झुंजलो. ती हवेत उडाली हे मला आवाजावरून आणि पट्ट्या भराभर खाली येण्यावरून कळायचं. मग कुणावर खूण उमटली, कोण बर्फात गोठलं, मी कुणामागे लपायचं, हे सगळं मी चौकटींच्या कडेने बघायचे. तिचे पंख नीट कसे दिसतात हे मी ती पडल्यानंतर एका साथीदाराने काढलेल्या व्हिडिओत पाहिलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला पानं बघायला आवडतात. पाच टक्क्यांवर आलेल्या टँकला, म्हणजे सगळ्यांसाठी मार खाणाऱ्याला, ओढून वर आणलं की माझे तळवे घामेजायचे आणि तो आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही. पण माझ्याच गिल्डमधली एक मैत्रीण अशीच भिडेखातर हीलर झाली होती. चार महिन्यांत तिने गेमच सोडला. तिला ड्रॅगन बघायचा होता.

तर तुला काय बघायचं आहे? याचं उत्तर पत्रात सापडत नाही, ते खेळूनच मिळेल. तुझ्या गिल्डला कळवायचीही गरज नाही. डंजन म्हणजे पाच पात्रांची छोटी मोहीम, आणि जानेवारी २०२४ पासून गेममध्ये फॉलोअर डंजनची सोय आहे. बाकीची चार पात्रं गेमच चालवतो आणि चुकलं तर कुणी बोलत नाही. तिथे तीन संध्याकाळी होली खेळून बघ. पहिल्या संध्याकाळी फक्त बटणं शोधण्यात जाईल, तिच्यावरून काही ठरवू नकोस. हीलिंगसाठी आधी पात्रावर क्लिक आणि मग बटण, असं दोनदा करायची गरज नाही. गेममध्येच क्लिक-कास्टिंग आहे, चौकटीवर थेट उजवी-डावी क्लिक करून हील जातं. ते लावून घेतल्याशिवाय हीलिंग आवडलं की नाही हे ठरवणं म्हणजे बोथट विळीवर कांदा चिरून स्वयंपाक नको म्हणण्यासारखं आहे. तिसऱ्या संध्याकाळी, डंजन संपल्यावर, एकच गोष्ट बघ. खुर्चीतून उठताना ‘अजून एक’ असं वाटतंय की ‘सुटले’ असं वाटतंय?

आणखी एक. हीलर म्हणजे मागे उभं राहून मंत्र म्हणणारी, असं चित्र तुझ्या डोक्यात असेल तर होली पॅलाडिन तसा नाही. तो ढाल घेऊन गर्दीतच उभा राहतो. साथीदार जितका जवळ, तितकं त्याचं हील जास्त लागतं. होली पॉवरचे तेच पाच ठिपके, तेच तीन खर्च करणं. तुझ्या बोटांना त्यातलं निम्मं आधीच येतं. म्हणून मी तुला होलीच्या विरोधात काही सांगत नाहीये. कदाचित तुला तो आवडेल आणि मग या पत्राची गरजच उरणार नाही.

उलट्या बाजूनेही बघ. रेट राहूनसुद्धा तू गिल्डचे जीव वाचवू शकतेस. वर्ड ऑफ ग्लोरीने स्वतःची होली पॉवर दुसऱ्याच्या जखमेवर खर्च करता येते. ले ऑन हँड्सने मरणाच्या दारातला माणूस एका क्षणात सावरतो. ब्लेसिंग ऑफ सॅक्रिफाइसने दुसऱ्याच्या माराचा काही भाग आपल्या अंगावर घेता येतो. यांतली किती बटणं तू रेडमध्ये खरंच दाबतेस? बरेचसे रेट खेळाडू डॅमेज मीटरवरचा, म्हणजे कुणी किती मारलं ते दाखवणाऱ्या यादीतला, आपला क्रमांक घसरेल म्हणून ती दाबत नाहीत. दोन हीलर उरलेल्या गिल्डमध्ये असा एक रेट असणं फार मोलाचं असतं.

टियर लिस्टबद्दल फार लिहीत नाही. त्या याद्या बहुधा सगळ्यात वरच्या गटांचे आकडे बघून बनतात, आणि पुढच्या फेरबदलात त्यांची उलथापालथ होते. पंधरा जणांच्या हिरोइक रेडमध्ये मधल्या पायरीवरचा स्पेक मनापासून खेळणारी बाई वरच्या पायरीवरचा स्पेक मन मारून खेळणाऱ्यापेक्षा जास्त कामाची असते. यादी मिटून टाक.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटते ते. तुझी गिल्ड युरोपच्या वेळेने रात्री आठला रेड सुरू करते, असं तू लिहिलंस. उन्हाळ्यात ते आपल्याकडे साडेअकरा होतात. हिवाळ्यात त्यांची घड्याळं एक तास मागे गेली की साडेबारा. तीन तासांची रेड म्हणजे पहाटेचे साडेतीन, आणि सकाळी नऊला तुझं कामाचं पहिलं कॉल. आज तू मारणारी आहेस. एखाद्या बुधवारी डोळे मिटायला लागले आणि तू आली नाहीस, तर चौदा जण जातात. हिरोइक रेड दहापासून तीसपर्यंत कितीही माणसांत चालते, बॉसची ताकदही त्याप्रमाणे कमीजास्त होते. पण हीलर आली नाही तर संध्याकाळ मोडते. म्हणजे होली व्हायला हो म्हणताना तू नुसती बटणं बदलत नाहीस, आठवड्याच्या दोन रात्री शब्दाने बांधून देतेस. मित्रांनी तुला हे सांगितलेलं नाही, कारण जर्मनीतल्या त्या मित्राला अकरा वाजता झोपायला मिळतं. त्याच्या लक्षातच आलं नसेल. हे त्याच्याशी मोकळेपणाने बोल.

स्वार्थाचा प्रश्न विचारलास, त्याचं सरळ उत्तर देते. नाही, तू स्वार्थी ठरत नाहीस. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. भिडेपोटी दिलेला होकार दोन महिन्यांनी चिडचिड होऊन बाहेर पडतो आणि तेव्हा मैत्रीच पणाला लागते. पण तुझी जबाबदारी अगदीच नाही, असंही मी म्हणणार नाही. हीलर कमी पडणं ही सगळ्या गिल्डची अडचण आहे आणि तू त्या गिल्डमध्ये आहेस. हीलर आणि टँक सगळीकडेच कमी पडतात. २०११ मध्ये गेमनेच आपणहून डंजनच्या रांगेत कमी असलेल्या भूमिकेला बक्षिसाची थैली द्यायला सुरुवात केली, ती याचसाठी. त्यामुळे नुसतं ‘मला नको’ म्हणण्यापेक्षा ‘माझ्याकडून एवढं होईल, बाकीचं आपण मिळून बघू’ असं म्हण.

मार्ग बरेच आहेत. सोप्या बॉसवर दोन हीलर पुरतात का ते एक रविवार बघता येईल. साधारण पाच-सहा माणसांमागे एक हीलर धरतात, तेव्हा बारा जण असतील त्या रात्री तिसरा लागणारही नाही. हीलिंग जमणाऱ्या तिघाचौघांनी पाळी लावून घेता येईल, एका आठवड्यात तू, एका आठवड्यात ड्रुइडवाला. किंवा गिल्डने नवा हीलर शोधावा आणि तो मिळेपर्यंत तू मदत करावीस. मला हा शेवटचा मार्ग बरा वाटतो, पण दोन अटी घालून. पहिली अट मुदतीची. मुदत नसलेली मदत ही नेमणूक होऊन बसते.

दुसरी अट लुटीची, म्हणजे बॉस पडल्यावर मिळणाऱ्या सामानाची, आणि ती आधीच बोलून घे. चिलखत तिन्ही स्पेकना चालतं, त्यावरचा मुख्य गुण स्पेकप्रमाणे बदलतो. शस्त्राचं तसं नाही. होलीला बुद्धीचं एकहाती शस्त्र आणि ढाल लागते, रेटला ताकदीचं दोन हाती. ट्रिंकेटं, म्हणजे अंगावर बाळगायच्या छोट्या जादूच्या वस्तू, त्याही वेगळ्या. तू दोन महिने हील केलंस आणि त्या काळात पडलेली दोन हाती तलवार ‘तू तर आता होली आहेस’ म्हणून दुसऱ्याला गेली, की परतीची वाट तुझ्यासाठी आपोआप अवघड होते. कितीतरी जणांचा कायमचा हीलर असाच झाला आहे. म्हणून रेटची लूट मागायचा तुझा हक्क कायम राहील, हे सगळ्यांसमोर ठरव. आणि स्वतःच्या पातळीवर एक कर. पात्राच्या चित्रावर उजवी क्लिक करून लूट कोणत्या स्पेकची हवी ते वेगळं निवडता येतं. होली म्हणून मिथिक प्लस डंजन, म्हणजे जास्त अवघड केलेलं डंजन, खेळलीस तरी शेवटच्या पेटीतून रेटचं सामान मिळू शकतं.

काय लिहावं सुचत नसेल तर गिल्डच्या ग्रुपवर असं काहीतरी टाक. तुझ्या शब्दांत बदलून घे.

“मंडळी, मी रेट खेळते कारण मला ते मनापासून आवडतं, आणि मी रेटच राहणार आहे. पण आपली अडचण मला कळते. मी होली शिकून घेते आणि ऑक्टोबर अखेरपर्यंत दर रविवारी हील करेन. बुधवारी मी रेट असेन, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी पाळी घ्या. दोन हाती शस्त्र पडलं तर माझा हक्क आधीसारखाच धरा. या काळात नवा हीलर आपण सगळे मिळून शोधू, मीही चार ठिकाणी विचारते. आणि ‘तुझा स्वभावच तसा आहे’ हे तेवढं बंद करा, मला ते खटकतं.”

ही मुदत मी उगाच घातलेली नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं मागे जातात आणि त्या दिवसापासून तुझी रेड साडेबाराला सुरू होईल. तोवर हीलर मिळाला नसेल तर तुझा हिवाळ्यातला वेळ देता येतो का, हे तेव्हा नव्याने बोला. आणि रात्री साडेतीनपर्यंत जागणं झेपत नसेल तर रेट असो की होली, बुधवारची रेड सोडून दे.

तुझी,
ताई